धोतरावरच्या पापड्या

"सुटली! अगं बया, पाण्याचा हात न लावता सुटली!"

शेवंता आत्या गच्चीवर भर उन्हात उभी होती आणि हातातली साबुदाण्याची पापडी डोळ्यांसमोर धरून तिच्या आरपार बघत होती. पापडी अखंड. कडेला टवका नाही, मागे सुताचा धागा नाही. गटातल्या बायका हातातलं काम टाकून तिच्याभोवती जमल्या, आणि प्रत्येकीने ती पापडी हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली.

ज्यांनी कधी वाळवण घातलं नाही त्यांना यात ओरडण्यासारखं काय होतं ते कळायचं नाही, म्हणून सांगते. साबुदाण्याचा चीक गरम असतानाच पळीपळीने कापडावर ओतायचा असतो. तो वाळला की कापडाला असा धरून बसतो की संध्याकाळी कापड उलटं करून, मागून पाणी मारून एकेक पापडी सोडवत बसावं लागतं. कितीतरी फाटतात. बोटांची सालं निघतात. प्लास्टिकवर घातल्या की पटापट सुटतात, पण आत्याला प्लास्टिक चालायचं नाही. "तापलं की वास उतरतोय पापडीत," म्हणायची. "लोकांच्या पोटात जाणारं हाय, वास कसा घालू?"

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमचे अण्णा, म्हणजे तिचे यजमान, मागावर काम करता करताच गेले, तेव्हापासून तिने गल्लीतल्या बायका गोळा करून पापड-कुरडयांवर घर उभं केलं होतं. मी त्या उन्हाळ्यात तिच्याकडे राहायला आले होते. शैलाचं, म्हणजे माझं, लग्न आधी की नोकरी आधी, यावर आमच्या घरात रोज खल चालायचा, आणि तो ऐकून माझे कान किटले होते. आत्याकडे निदान साबुदाण्याविषयी बोलणं असायचं.

तर ज्यावरून पापडी सुटली ते पांढरं कापड. ते आम्हाला धामणीकरांनी दिलं होतं. आत्याचं गाव मागांचं, घरोघरी खडखडाट. विणलेलं कापड धामणीकरांच्या मिलमध्ये जायचं आणि तिथे त्याच्यावर शेवटचा हात फिरायचा. अलीकडे त्यांनी एक नवीनच प्रकार काढला होता: सोफ्याची कापडं, गालिचे, असल्या मालावर काहीतरी चढवायचे, की त्यावर डागच पडू नये. माल सगळा परदेशात जायचा. महिला दिनाला त्यांनी गावातल्या सगळ्या महिला गटांना मिलच्या आवारात बोलावलं. स्वतः धामणीकर पांढऱ्या सफारीत स्टेजवर उभे राहिले, हातावर पांढरं कापड टाकलं आणि त्यावर तांब्याभर हळदीचं पाणी ओतलं. पाण्याचे पिवळे गोळे होऊन घरंगळत खाली गेले. कापड होतं तसं पांढरं. बायकांनी अशा टाळ्या वाजवल्या की विचारू नका. हळदीचा डाग म्हणजे काय ते बायकांनाच ठाऊक.

"गाडीवर झाका, पावसाळ्यात दारात लावा, आमच्याकडून भेट," असं म्हणून त्यांनी प्रत्येक गटाला एकेक तागा दिला. बाकीच्या बायका गाडी कुणाकडे आहे याचा विचार करत घरी गेल्या. आत्याच्या डोक्यात मात्र एकच फिरत होतं.

"शैले, हळद चिकटत न्हाई, तर चीक कसा चिकटंल?"

नवं कापड धुतल्याशिवाय ती वापरणार नव्हती. हौदात टाकलं, तर ते वर तरंगत राहिलं. दाबून धरलं तेवढं खाली गेलं, हात काढला की पुन्हा वर, आणि वर कोरडंच. "हे आंघोळच नको म्हणतंय," पद्मल हसत म्हणाली. मग आत्याने साबण लावून, पायाने तुडवून, जसं जमलं तसं ते धुतलं आणि वास घेऊन पाहिला. कसलाच वास नव्हता.

पद्मल ही आत्याची सून, माझ्या आतेभावाची, दिनकरची बायको. तिला पाचवा महिना होता. त्याआधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा राहिलं नव्हतं. त्यामुळे या खेपेला आत्या तिला तळहातावर घेऊन हिंडायची तेवढी बाकी होती. जिना चढायचा नाही, घागर उचलायची नाही, उन्हात यायचं नाही. आणि नेमके हिला डोहाळे लागले ओल्या पापडीचे. अर्धवट वाळलेली, आत मऊ, वर जरा ताणलेली, जिऱ्यामिठाची पापडी. लहानपणी आपण सगळ्यांनीच ती कापडावरून नखाने खरवडून खाल्लेली असते आणि पाठीत धपाटाही खाल्लेला असतो. नव्या कापडावरून मात्र ओली पापडीसुद्धा अलगद निघायची. रोज दुपारी आत्या ताटलीभर ओल्या पापड्या सोडवून स्वतः खाली घेऊन जायची.

"खा. तुला न्हाई, त्याला घालालोय," म्हणायची. पद्मल खायची आणि ताटली बोटाने पुसून घ्यायची.

एप्रिलात धामणीकर फोटोग्राफरला घेऊन आले. त्यांनी दिलेल्या भेटीचं गावात काय चीज झालं, याची बातमी छापून आणायची होती. बाकीच्या गटांनी कापड ट्रंकेत ठेवलं होतं. आमच्या गच्चीवर मात्र ते या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत पसरलं होतं आणि त्यावर पापड्यांच्या रांगा होत्या. धामणीकर जिना चढून वर आले, आणि शेवटच्या पायरीवरच त्यांचा पाय थांबला.

"हे... यावर तुम्ही खायचं करता?"

"तर वो साहेब! तुमच्या कापडानं आमची निम्मी मेहनत वाचीवली बघा," आत्या कौतुकाने म्हणाली.

त्यांनी एकदा कापडाकडे पाहिलं, एकदा फोटोग्राफरकडे पाहिलं. मग हसले. "वा! हा उपयोग आम्हालाही सुचला नव्हता." फोटोग्राफरने त्यांना बायकांच्या मधे उभं केलं, हातात कापडाचं एक टोक दिलं, आणि फोटो काढला. आत्याने घाईघाईने चार पापड्या तळून आणल्या. त्यांनी एक उचलली, खिशातून रुमाल काढला आणि त्यात ती गुंडाळून ठेवली.

"घरी जाऊन निवांत खातो."

मोठी माणसं आपल्या घरी खात नाहीत हे मला माहीत होतं. मी मनातल्या मनात नाक मुरडलं आणि विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा ड्रायव्हर सदा आला. सदा आमच्याच गल्लीतला, आत्याला मावशी म्हणायचा. त्याच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत घडी घातलेलं एक जुनं धोतर.

"मावशे, साहेबांच्या ऋजुताताई माहेरी बाळंतपणाला आल्यात. डोहाळजेवण हाय. वैनीसाहेबांनी सांगितलंय, घरच्यासाठी पापड्या करायच्या. पण ह्या धोतरावर करायच्या. दुसऱ्या कशावर न्हाई. दोनदा बजावलंय."

तो गेल्यावर गच्चीवर जी खसखस पिकली, ती आजही माझ्या कानात आहे.

"सोवळं गं बाई सोवळं!"

"आमच्या हातचं चालतंय, कापडावरचं चालत न्हाई!"

"अगं पण कापड त्यांचंच हाय की!"

बायका हसल्या, पण मला राग आला. धोतर मऊसूत होतं, धामणीकरांच्या बायकोच्या, कुमुदवहिनींच्या सासऱ्यांचं असणार, शेकडो वेळा धुतलेलं. दान करायला आपलं कापड आणि जेवायला आजोबांचं धोतर! मी आत्याला म्हटलं, नाही करायच्या, सांग त्यांना. पण आत्याने धोतर नीट पसरलं आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले.

"पोटुशी बाई हाय ती. तिच्या मनाला जे बरं वाटतंय ते करावं. त्यात आपलं काय जातंय?"

त्या पापड्या तिने जुन्या रीतीने सोडवल्या. धोतर उलटं करून, पाणी शिंपडून, एकेक. संध्याकाळी तिच्या अंगठ्याचं साल निघालं होतं. तोपर्यंत पद्मलने खाली आपली ताटली संपवली होती.

डबा घेऊन मी बंगल्यावर गेले. दिवाणखान्यात वेताच्या खुर्च्या होत्या. सोफ्यांच्या जागी फरशीवर नुसते चार-चार पायांचे ठसे दिसत होते. मला मौज वाटली. ज्याची मिल जगाला सोफ्याचं कापड पुरवते, त्याच्या घरात सोफा नाही.

ऋजुता बाहेर आली. सातवा महिना, चेहऱ्यावर तेज, बोलायला मोकळी. मला खुर्ची दिली, स्वतः समोर बसली आणि डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं.

"धोतरावरच्याच ना या? नक्की?"

माझा राग तोंडावर आलाच. "हो. एवढं सोवळं पाळता तुमच्याकडे, मला माहीत नव्हतं."

"सोवळं?" ती हसायला लागली. "आमच्याकडे? बाबा कोल्हापूरला गेले की तांबडा रस्सा ओरपून येतात. छे हो, सोवळं कसलं! ते त्या फिनिशिंगमुळे."

"कसल्या फिनिशिंगमुळे?"

"डाग न लागण्याचं. परदेशातून सगळा माल परत आला ना फाल्गुनात. तिकडे ते रसायन बंद करत आणलंय. ते म्हणे मोडतच नाही. पाण्यात गेलं की पाण्यात राहतं, अंगात गेलं की वर्षानुवर्षं अंगात राहतं. बाळापर्यंतसुद्धा पोचतं म्हणतात. मी येणार म्हटल्यावर बाबांनी घरातले सोफे हलवले, गालिचे हलवले. आणि परवा घरी येऊन म्हणाले, पापड्या तिथूनच करून घ्या, पण आपलं कापड..."

ती बोलता बोलता थांबली. आम्हा दोघींना एकदमच कळलं असावं.

"तुम्हाला जे दिलं," ती हळूच म्हणाली, "ते गाडीवर झाकायला दिलं ना?"

"परवा तुमचे बाबा आमच्या गच्चीवर आले होते," मी म्हटलं. "पापड्या त्याच कापडावर वाळत होत्या. त्यांनी त्या कापडाबरोबर फोटो काढून घेतला."

ऋजुताचा हात डब्यावरच राहिला. तेवढ्यात आतून कुमुदवहिनी आल्या. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं होतं, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. डबा उचलला आणि उगाचच पदराने पुसला.

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"व्यवहारातलं मला काही कळत नाही गं," त्या डब्याकडे बघत म्हणाल्या. "हे म्हणाले धोतर पाठव, मी पाठवलं. तू सरबत घेशील?"

मी सरबत घेतलं नाही.

घरी येताना वाटेत भैरोबाचा ओढा लागतो. मिलच्या मागून येतो तो. त्याच्या काठाला नेहमीप्रमाणे पांढरा फेस साचला होता, वाऱ्याने त्याचे गोळे सुटून बाभळींच्या काट्यांना लटकले होते. सबंध उन्हाळा मी तो फेस बघत होते आणि साबणाचा असेल म्हणत होते. त्या पाण्याला म्हशी तोंड लावत नसत, हेही मी पाहिलं होतं. काठावर उभी राहिले आणि मला पायरीवर थांबलेला तो पाय आठवला. तो रुमाल आठवला. त्या माणसाने पापडी रुमालात गुंडाळली आणि घरी जाऊन साबणाने हात धुतले असतील. आमच्या आत्याकडे बघून हसला तो. मला अशी किळस आली की मी तिथेच ओढ्याकाठी वाकले आणि दुपारचं सगळं बाहेर काढलं. त्यात ओली पापडीही होती.

घरी पद्मल उंबऱ्यात पाय सोडून बसली होती आणि तिच्या मांडीवर ताटली होती. काही बोलायच्या आधीच मी ती ताटली उडवून दिली. पापड्या अंगणात पडल्या. ती माझ्याकडे बघतच राहिली.

मी सांगितलं. आत्या खांबाला टेकून उभी होती. तिने सगळं ऐकलं. पद्मलने पोटावर दोन्ही हात ठेवले होते. ती रडली असती तर बरं झालं असतं.

"काय हुतंय त्यानं?" तिने विचारलं.

"ते कुणाला नक्की सांगता येत नाही," मी म्हटलं.

"मंजे रोज उठून बघत बसायचं," ती म्हणाली.

आत्या जिन्याकडे गेली, वर गेली, आणि कापडाचा एक पदर खाली घेऊन आली. नाकाला लावला. पुन्हा लावला. लहान मुलासारखी ती त्याचा वास शोधत होती.

"प्लास्टिकला वास हुता म्हणून मी कदी घेतलं न्हाई," ती म्हणाली. "ह्याला वासच न्हवता गं शैले. वास असता तर मी घेतलं असतं का?" मग माझ्याकडे वळून, "त्याला ठावं हुतं?"

"हो."

"गच्चीवर आला तवा?"

"हो, आत्या."

तिने कापड खाली टाकलं आणि हौदावर जाऊन हात धुतले. बराच वेळ धूत राहिली. पद्मलच्या तोंडात तिने स्वतःच्या हाताने घास घातले होते.

डोहाळजेवणाला पापड्या तळून वाढायला आमच्या गटालाच बोलावणं होतं. मला वाटलं, आत्या जाणार नाही. ती गेली. इरकली नेसली, केसांना तेल लावलं आणि बरोबर दोन डबे घेतले. एकात धोतरावरच्या पापड्यांपैकी उरलेल्या आणि दुसऱ्यात आमच्या, त्या पांढऱ्या कापडावरच्या.

बंगल्याच्या अंगणात झोपाळा फुलांनी सजवला होता. ऋजुता हिरवी साडी नेसून, फुलांचे दागिने घालून त्यावर बसली होती. बायकांची गर्दी. ओटी भरून झाली, गाणी झाली. पुरुष मंडळी कडेला खुर्च्या टाकून बसली होती, धामणीकर मध्यभागी. सदा मागे पाण्याचे ग्लास घेऊन उभा होता. आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली, हातात तळलेल्या पापड्यांचं ताट. ती झोपाळ्याकडे गेलीच नाही. सरळ धामणीकरांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, त्या दिवशी पापडी रुमालात बांधून नेली. कशी लागली ते सांगितलं न्हाई."

"छान होती, मावशी. फारच छान."

"मग आणि एक घ्या की. तुमच्याच कापडावरची हाय."

मी धावत तिच्या शेजारी गेले. धामणीकरांनी ताटाकडे पाहिलं. आजूबाजूच्या खुर्च्यांवरचे पाहुणे बघत होते. त्यांनी हसत हसत एक पापडी उचलली, आणि तशीच हातात धरली.

"मला डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय हो. सदा, अरे सदा, घे, खा."

आणि त्यांनी ती पापडी मागे सदाच्या हातात दिली. सहज. उरलेला प्रसाद द्यावा तशी. सदाने ग्लास खाली ठेवले आणि पापडी तोंडाकडे नेली. मालकाने दिलेली वस्तू तो नाही कशी म्हणणार? आत्याने ताट माझ्याकडे ढकललं, पुढे झाली आणि त्याच्या मनगटावर फटका मारून पापडी खाली पाडली.

"थुंक! तोंडात गेलीया का? थुंक म्हणते!"

"न्हाई मावशे, न्हाई गेली," सदा घाबरून म्हणाला.

तेवढ्यात पैंजण वाजले. ऋजुता झोपाळ्यावरून उतरून आली होती, फुलांचे दागिने घातलेली, पोटावर एक हात. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्या हातातल्या ताटाकडे तिने हात नेला.

"मी खाते. बाबा, काही होत नाही ना याने?"

"ऋजू, नको!"

धामणीकर खुर्चीवरून असे उठले की खुर्ची मागे पडली. त्यांच्या हाताचा फटका ताटावर बसला, ताट माझ्या हातातून उडालं आणि फरशीवर खणखणत फिरत राहिलं. पापड्यांचा चुरा सगळ्यांच्या पायांत गेला. कुमुदवहिनींनी पदर तोंडाला लावला. बायका मागे सरकल्या. त्यांना काय झालं ते कळलं नव्हतं, पण काहीतरी घाण उघडी पडली आहे एवढं कळलं होतं.

आत्या आवाज न चढवता बोलली.

"लेकीच्या वक्ताला हात उठला. सदाच्या वक्ताला उठला न्हाई."

"हे बघा मावशी," धामणीकर म्हणाले. "कापड झाकायला दिलं होतं. खायच्या कामाला घ्या असं आम्ही म्हटलं नव्हतं."

"गच्चीवर आला तवा तोंडाला काय झालं हुतं? माझी सून दोन येळा रिती झालीया. ह्या खेपेला मी तिला रोज भरवलं. माझ्या हातानं." तिने दोन्ही हात पुढे केले, जणू त्यांच्यावर काही दिसतंय का ते त्यांनी पाहावं. "एक शबुद टाकला असता तर काय गेलं असतं तुमचं?"

काय गेलं असतं ते मला समजत होतं. कापडाचं सांगितलं असतं, तर परत आलेल्या मालाचं सांगावं लागलं असतं, आणि ओढ्याचंही. धामणीकरांनी सदाला फरशी पुसायला सांगितली. सदा हलला नाही. फरशी शेवटी कुमुदवहिनींनी पुसली.

पुढचं फार नाही. आत्या दारोदार फिरली आणि ज्यांनी ज्यांनी आमचा माल घेतला होता त्यांना खाऊ नका म्हणून सांगून आली. काहींनी परत दिला. काही हसले, इतक्या छान झाल्यात आणि टाकायच्या कशाला म्हणाले. मग ते कापड आणि त्या पापड्या यांचं करायचं काय, हा प्रश्न पडला. जाळायला आत्या तयार नव्हती, धूर गल्लीत जाणार. पुरायचं म्हटलं तर जवळ विहीर. जनावराला घालायचा प्रश्नच नव्हता. शेवटी सगळं पोत्यांत भरून आम्ही हातगाडीवरून मिलच्या फाटकात नेऊन टाकलं. ज्याचं त्याला. आठवड्याने तीच पोती ओढ्याच्या काठाला पडलेली दिसली. फाटलेली. पापड्या भिजून, फुगून, हिरव्या पडल्या होत्या आणि त्यांच्यावर माश्या घोंघावत होत्या. कापड मात्र पांढरंशुभ्र होतं. त्याच्यावरून पाणी घरंगळत होतं.

सरकारात तक्रार केली. माणसं आली, ओढ्याचं पाणी बाटलीत भरून घेऊन गेली. त्या बाटलीचं पुढे काय झालं ते आजतागायत आम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

पद्मलला श्रावणात मुलगी झाली. जरा बारीक होती, पण रडली खणखणीत. मी दवाखान्यात होते. नर्स बाळ देऊन गेली आणि पद्मल तिच्याकडे बघत बसली, जवळ घेईना. बाळ तोंडाने शोधत होतं. पद्मलने दाराकडे पाहिलं, आत्या बाहेर आहे याची खात्री केली आणि माझा हात धरला.

"शैलाताई, पाजू का गं हिला? माझ्या अंगातलं तिला जाईल का?"

ज्या माणसाने हा प्रश्न एका बाईच्या तोंडात घातला, त्याचा फोटो वर्तमानपत्रात हसरा आलेला आहे. आमच्या गच्चीवरचा. माझ्याकडे तो अजून आहे. मी डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, पाज गं, आईच्या दुधासारखं बाळाला दुसरं काही नाही. मग पद्मलने पाजलं. पण डोळे मिटून.

ती पोर आता नववीत आहे. हसरी आहे, उंच आहे. सर्दी झाली, ताप आला, केस जरा जास्त गळाले, की पद्मल माझ्याकडे एकदा बघते आणि मी तिच्याकडे.

आत्याने पापड्या पुन्हा सुरू केल्या त्या साध्या मांजरपाटावर, पाणी मारून सोडवण्याच्या. धामणीकरांचं ते जुनं धोतर आमच्याकडेच राहिलं होतं. कुमुदवहिनींनी ते मागायला कधी कुणाला पाठवलं नाही. मला वाटलं होतं, आत्या ते चुलीत घालेल. बाळ घरी आलं त्या दिवशी ती ओसरीवर बसली, धोतर गुडघ्यांवर पसरलं, आणि टरटर फाडायला लागली.

"काय करतेस आत्या?"

"लंगोट," ती म्हणाली. "त्या घरातलं तेवढं एकच स्वच्छ निघालं."